नऊ वर्षं बाहेर असलेलं पुस्तक

“हा वाचक फारच सावकाश वाचतो हो, बाई,” पुस्तकाच्या कार्डावर बोट ठेवत मुलगी म्हणाली. वरपासून खालपर्यंत एकच सभासद क्रमांक होता. “नऊ वर्षं एकच पुस्तक? मध्येच झोपला की काय?”

ग्रंथपालबाईंनी कार्ड तिच्या हातातून काढून घेतलं. “वाचतात काही जण हळू.”

मुलगी तीन महिन्यांनी विद्यापीठात भौतिकशास्त्र शिकायला जाणार होती. सुट्टीत वाचायला सरांनी तीन पुस्तकं सुचवली होती. कलनाचं मिळालं, संभाव्यतेचं मिळालं. प्रकाशावरचं तेवढं बाहेर होतं, आणि नेमक्या त्याच्याच नावाखाली सरांनी दोन रेघा ओढल्या होत्या.

“दुसरं ने की. ताऱ्यांवरचं आहे, चित्रं छान आहेत.”

“चित्रं नकोत, बाई. मला कळायला हवंय. नाहीतर तिथे मागच्या बाकावर बसून नुसती मान हलवत राहीन.”

बाईंचा मुलगाही असंच काहीसं म्हणाला होता, अशाच सुट्टीत, आणि हेच पुस्तक घेऊन गेला होता. विद्यापीठ उघडायला बारा दिवस उरले असताना तापाने तो गेला. पुस्तक परत आलं ते कपाटात नाही, बाईंच्या टेबलाच्या खालच्या खणात. पाच वर्षं कुणी न नेलेलं पुस्तक रद्दीत काढायचं असा नियम होता, आणि बाईंचा नियम म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. तिसऱ्यांदा मुदत मागणाऱ्या भल्याभल्यांना त्यांनी दारातून परत पाठवलं होतं. दर पंधरवड्याला मुलाच्या नावावर नवी तारीख मात्र त्या स्वतःच्या हाताने मारत. शिक्का उठला की पुढचे पंधरा दिवस तो कुठेतरी वाचत बसला आहे, असं त्यांना वाटे. दुपारी वाचनालय रिकामं असताना पान उलटल्याचा आवाज येई. त्या उठून बघत नसत. तिथे कुणी नसेल, याचीच भीती वाटे.

मुलगी दोन पुस्तकं पिशवीत घालून दारापर्यंत गेली.

“थांब,” बाई म्हणाल्या. खण अडला होता, दोनदा ओढावा लागला.

“खणातच होतं?”

“आत्ताच परत आलं.”

मुलाच्या नावाच्या सभासद-पाकिटात पुस्तकाचं कार्ड परत जायचं, ते त्यांनी मुलीच्या पाकिटात सरकवलं. शिक्का तिरका उठला. त्या दुपारी वाचनालयात कसलाच आवाज आला नाही. बाई डबा न उघडताच घरी गेल्या.

पंधराव्या दिवशी मुलगी हजर.

“मुदत वाढवून द्याल? आणि एक कबूल करायचंय. बावन्नाव्या पानावर कुणीतरी पेन्सिलनं ‘पण असं का?’ लिहून ठेवलंय. दोन दिवस डोकं खाल्लं त्यानं माझं. उत्तर सापडलं, तशी खाली लिहूनच टाकलं. दंड भरते हवं तर.”

बाईंनी पान उघडलं. वर त्याचं अक्षर, खाली मुलीच्या चार ओळी आणि एक आकृती. त्यांना त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं.

“बरोबर आहे का उत्तर?”

“सरांना दाखवलं. बरोबर आहे.”

बाईंनी दोन्ही अक्षरांवरून बोट फिरवलं. “पुढे अजून काही विचारलंय त्यानं?”

“नाही. पुढे सगळे समास कोरे आहेत.”

“असणारच,” बाई म्हणाल्या, आणि मुलीच्या नावावर पुढची तारीख मारली.