फुर्का खिंड हिवाळ्यात बंद असते

बाबांनी आखलेल्या सहलीत एक चूक आहे, हे मला शुक्रवारी सकाळी कळलं. मंगळवारी आईला आणि मला व्हिसाच्या अर्जासाठी वेळ मिळाली होती. अर्जाबरोबर रोजचा मुक्काम आणि रोजचा रस्ता लिहून द्यावा लागतो. म्हणजे हातात चार दिवस होते.

बाबा इथे कुवेतमध्ये एका सरकारी रुग्णालयात डायलिसिसची यंत्रं सांभाळायचे. चोवीस वर्षं. कुठल्याही गोष्टीचा तक्ता केल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. आल्प्सच्या सहलीचाही होता: दिवस, कुठून कुठे, किलोमीटर, वेळ, मग एक रकाना माझ्या नावाचा, एक आईच्या नावाचा आणि शेवटी शेरा. म्युनिकला उतरायचं, भाड्याची गाडी घ्यायची, इन्सब्रुक, सांक्ट अँटनला तीन दिवस स्कीइंग, मग स्वित्झर्लंडमध्ये अँडरमॅट, तिथून फुर्का खिंड ओलांडून त्सेरमॅट. त्सेरमॅट गावात गाडी नेता येत नाही, ती अलीकडे टेशला ठेवावी लागते, हेसुद्धा त्यांनी लिहून ठेवलं होतं. नऊ दिवस. ही सहल ते सात वर्षं आखत होते. दर वर्षीची सुट्टी उन्हाळ्यात लातूरला संपायची आणि हिवाळ्यासाठी काही उरायचं नाही. स्कीइंग मात्र बाबा आणि मी शिकलो होतो, दुबईच्या मॉलमधल्या बर्फावर. मार्चमध्ये ते गेले. सप्टेंबरमध्ये मी जानेवारीची रजा टाकली.

आई यायला तयार झाली ती एका अटीवर. "त्यांनी लिहिलंय तसंच जायचं. एक गाव इकडचं तिकडे करायचं नाही."

मी हो म्हटलं होतं. तक्ता इतका चोख होता की नाही म्हणायचं कारण नव्हतं.

अँडरमॅटच्या हॉटेलला मी पार्किंगबद्दल विचारलं होतं आणि जाता जाता लिहिलं होतं की दुसऱ्या दिवशी आम्ही फुर्कावरून पुढे जाऊ. शुक्रवारी उत्तर आलं. पार्किंग आहे. फुर्का मात्र शरद संपता संपता बंद होते, ती थेट उन्हाळ्याच्या तोंडावर उघडते. हिवाळ्यात गाडी रेल्वेवर चढवून डोंगराखालच्या बोगद्यातून न्यावी लागते.

मी आणखी दोन ठिकाणी पाहिलं. खरं होतं. आणि चूक कशी झाली तेही लगेच लक्षात आलं. बाबा ही सहल आखायचे जुलै-ऑगस्टमध्ये, बाहेर पन्नास अंश असताना, एसीच्या खोलीत दिवसभर कोंडलेले असताना. तेव्हा नकाशा त्यांना खिंडीवरून जाणारा रस्ता मोकळा दाखवायचा. तो मोकळाच असायचा. सात उन्हाळे त्यांनी तो तपासला होता आणि सातही वेळा तो बरोबर निघाला होता.

मार्चपासून बाबांशी वाद घालायची माझी सवय सुटली होती. त्या सकाळी ती परत आली. "बाबा, एकदा तरी डिसेंबरात बघायचं होतं ना," मी स्वयंपाकघरात उभी राहून म्हटलं, चांगलं मोठ्याने.

खालून हॉर्न वाजला. धैर्यशीलकाका आले होते. ते बाबांचे वाळवंटात जीप चालवायचे सोबती, मूळचे कोल्हापूरचे. अम्गराच्या भंगारबाजारात त्यांना टायरला बांधायच्या बर्फाच्या साखळ्या सापडल्या होत्या, आणि त्या बांधायचा सराव मी कुवेतमध्येच करून जावं असा त्यांचा हट्ट होता. अबू हलीफातल्या आमच्या इमारतीच्या पार्किंगमध्ये, नोव्हेंबरच्या उन्हात, मी त्यांच्या जीपच्या मागच्या चाकाशी गुडघे टेकून बसले. पहिल्यांदा कडी उलटी अडकली. दुसऱ्यांदा नऊ मिनिटांत चाक बांधून झालं.

"शाब्बास! आता टायरची हवा पंधरावर आण," काका म्हणाले.

"ती वाळूत, काका. बर्फात हवा सोडत नाहीत."

"आम्ही वफ्राच्या पलीकडं किती गाड्या बाहेर काढल्यात, माहितीये काय तुला?"

"माहितीये. दोन त्यातल्या तुमच्याच होत्या."

ते खदखदून हसले. मग मी त्यांना खिंडीचं सांगितलं. हसू थांबलं. त्यांनी वर आमच्या खिडकीकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"वहिनींना सांगूच नको. बोगद्यातनं गेलीस काय नि खिंडीतनं गेलीस काय, पलीकडंच निघणार. डोळा लागला असंल तर कळायचंबी नाही."

मला मोह झाला. पण सहाव्या दिवसाच्या शेऱ्यात बाबांनी लिहिलं होतं: 'खिंडीच्या माथ्यावर १५ मिनिटं थांबणे. चहा.' आईने त्या चहासाठी थर्मास आणला होता. डोळा लागणं शक्य नव्हतं.

तेवढ्यात आई चहाचे कप घेऊन खाली आली. काका एकदम साखळी निरखून पाहू लागले.

"आई, बाबांचा रस्ता चुकलाय," मी म्हटलं.

तिने आधी कप जीपच्या बॉनेटवर नीट ठेवले. "कुठे?"

"फुर्काला. ती खिंड जानेवारीत बंद असते. बर्फाखाली."

"नीट बघितलंस?"

"तीन ठिकाणी."

"त्यांचं मशीनच्या बाबतीत असं कधी झालं नाही."

"मशीन उन्हाळ्या-हिवाळ्यात तेच असतं, आई."

"वहिनी, आमचा विश्वास तसा—" काकांनी बाबांची बाजू घ्यायला सुरुवात केली.

"भावजी, चहा घ्या. गार होईल." आई माझ्याकडे वळली. "मग मी नाही येत. तू जा." आणि ती जिना चढून वर गेली.

काकांनी चहाचा घोट घेतला. "मी म्हटलं होतं."

"हो, म्हटलं होतं तुम्ही."

मी हात पुसले आणि वर गेले. समजूत घालायचं डोक्यात नव्हतं. मंगळवारी अर्जात खोटा रस्ता लिहिणार नव्हते आणि आईला खोटं सांगणार नव्हते. तिला हे दोन्ही ऐकवायचं आणि मग तिने ठरवायचं.

आई जेवणाच्या टेबलाशी बसली होती. चष्मा लावून, तक्त्याची चारही पानं समोर पसरून. मी बोलायच्या आत तिने माझ्यापुढे एक पान सरकवलं.

"हा रकाना वाच."

तो तिच्या नावाचा होता. मी वाचला. 'सुजाता: कॅफे.' 'सुजाता: कॅफे, विश्रांती.' 'सुजाता: कोट सांभाळणे.' 'सुजाता: कॅफे.'

"नऊ दिवसांत सहा वेळा कॅफे," आई म्हणाली. "आणि मला कॉफीने पित्त होतं. तीस वर्षं माहीत होतं त्यांना."

"हे तुला आज दिसलं?"

"सप्टेंबरपासून दिसतंय. वाटलं, आता कुणाला सांगणार? जे आहे ते आहे." तिने चष्मा काढून पदराने पुसला आणि परत लावला. "त्या रेल्वेत गाडीतच बसून राहायचं असतं?"

"हो. पंधरा-वीस मिनिटं. बाहेर अंधार."

"अंधारात चहा पिता येतो." ती पुन्हा पानांकडे वळली. "खिंड त्यांची चुकली, ती तू दुरुस्त केलीस. बरोबर केलंस. आता हे सहा दिवसही बघ. माझ्या वयाच्या बाईला शिकवतात का तिकडे?"

"तुझ्याहून मोठ्यांनाही शिकवतात. पण तुझा गुडघा?"

"गुडघा डावा आहे. आणि तो कॅफेत बसूनही दुखणारच आहे."

मी लॅपटॉप उघडला. सांक्ट अँटनच्या स्कीइंग शाळेचा अर्ज समोर आला. नवशिक्यांचा वर्ग, तीन दिवस, सकाळी दहाला. मी एकेक रकाना वाचत गेले आणि आई उत्तरं देत गेली. वय अठ्ठावन्न. उंची पाच फूट एक. बुटाचं माप तिने मापपट्टी आणून उभं राहून घेतलं, दोन्ही पायांचं.

"वजन?"

"अडुसष्ट लिही."

"आई, पायातली स्की किती घट्ट बसवायची ते वजनावरून ठरवतात. कमी सांगितलंस तर भलत्या वेळी सुटेल."

"सुटली तर?"

"आपटशील."

आईने खिडकीतून खाली पाहिलं. काका एकटेच साखळी सोडवायच्या खटपटीत होते.

"शहात्तर," ती हळूच म्हणाली. "आणि भावजींना सांगू नकोस."

मी शहात्तर लिहिलं. शेवटचा रकाना उरला होता. "आधीचा अनुभव?"

"नाही," आई म्हणाली. थोडा विचार करून पुढे म्हणाली, "पण त्या मास्तरांना लिहून ठेव. ओरडून सांगितलं तर मला काही येत नाही. नीट सांगितलं तर सगळं येतं."

ते इंग्रजीत कसं लिहायचं याचा मी क्षणभर विचार केला. मग जसंच्या तसं लिहिलं आणि अर्ज पाठवून दिला.