क्लेमंट बूथचं खोपटं

अकरा वर्षं यादीत काढल्यावर क्लेमंट बूथला नगरपालिकेच्या मळ्यात भाजी लावायला एक तुकडा मिळाला. इंग्लंडातल्या यॉर्कशायरात या यादीतली माणसं मळ्यातल्या म्हाताऱ्यांच्या खोकल्याची फार आस्थेनं चौकशी करतात, ती उगाच नाही. अट एकच होती. तीन महिन्यांत चौथाई जमीन खणलेली दिसली पाहिजे. नाही दिसली, तर तुकडा यादीतल्या पुढच्याला.

चौथाई म्हणजे काही फार नव्हे. एक फावडं आणि एक आठवडा. पण क्लेमंटमध्ये एक दोष होता, आणि तो त्याच्या आईनं मोठ्या कष्टानं जोपासला होता: सल्ला देणाऱ्याला त्याला नाही म्हणता येत नसे.

पहिल्याच दिवशी शेजारच्या तुकड्यावरून विनिफ्रेडबाई हॉलरॉइड म्हणाल्या, "सपाट पात्याचं फावडं घे रे बाळा. बाकी सगळी दुकानदारांची सोय."

"फार उपकार झाले," म्हणत क्लेमंट फावडं घेऊन आला. ते जमिनीत घालणार, इतक्यात पलीकडून अर्नेस्ट टॅटरसॉल खाकरला.

"फावडं का? असू दे, असू दे. काही लोक सूपसुद्धा काट्यानं खातात, त्यांना कोण अडवतं? पण या चिकणमातीला चार दातांचा काटाच लागतो हो, मिस्टर बूथ."

फार उपकार झाले. काटाही आला. आता पंचाईत अशी, की आधी फावडं चालवावं तर अर्नेस्टचा अपमान, काटा चालवावा तर विनिफ्रेडबाईंचा. तिथली माणसं अपमान झाला म्हणून भांडत नाहीत. 'हवा बरी आहे' एवढंच म्हणतात, आणि पुढची वीस वर्षं तेवढंच म्हणत राहतात. क्लेमंटनं दोन्ही अवजारं तुकड्यावरच्या लाकडी खोपट्यात ठेवली आणि सगळ्यांसाठी चहा टाकला.

नवा माणूस ऐकून घेतो, ही बातमी मळाभर झाली. मग दाताळं आलं, तीन उंचींची खुरपी आली, बियांसाठी भोकं पाडायची खुंटी आली, दोन झाऱ्या आल्या (एक डावखुऱ्यांसाठी, क्लेमंट उजवा). पाद्रीबाबांच्या शब्दाखातर घोड्याच्या लिदीची पंधरा पोती आली. सगळं खोपट्यात गेलं. निवृत्त मेजर कॅथकार्ट म्हणाले, "रूळ आण! क्रिकेटच्या मैदानावरचा, लोखंडी! आधी मातीला जरब बसली पाहिजे." रूळ दारातून जाईना, तेव्हा खोपट्याची मागची भिंत काढून पुन्हा ठोकली. आणि या सगळ्यात कोणाचा मान पहिला, हे न ठरल्यामुळे जमिनीला ओरखडासुद्धा पडला नव्हता.

शेवटच्या नऊ दिवसांत पाऊस लागला. पाऊस तिथे पाहुण्यासारखा येत नाही, घरजावयासारखा राहतो.

तपासणीच्या दिवशी क्लेमंट पहाटेच निघाला. रात्रभर तळमळून त्यानं ठरवलं होतं: अपमान तर अपमान, पण तुकडा जाऊ द्यायचा नाही. फावडं काढायचं आणि जमेल तेवढं खणायचं. मळ्यात पोचून पाहतो तर खोपट्याचं छप्पर त्याच्या कमरेला लागत होतं. एवढ्या वजनाखाली खोपटं भिजल्या मातीत सरळ उभं खचलं होतं, आणि चहूबाजूंची माती फुगलेल्या कणकेसारखी उलटून वर आली होती. भुसभुशीत, काळी, गांडुळांसकट. दार जमिनीखाली, फावडं दाराआड.

नऊच्या ठोक्याला नगरपालिकेच्या मिस पिकल्स टेप घेऊन आल्या. त्यांनी मातीत छडी खुपसली, ती मुठीपर्यंत गेली.

"चौथाई, आणि वर दोन इंच," त्या म्हणाल्या. "तीस वर्षांत इतकी खोल खणणी मी पाहिली नाही. खोपटं जरा बुटकं आहे, पण बुटकेपणाविरुद्ध नियम नाही." मग पेन्सिलीचं टोक जिभेला लावून त्यांनी विचारलं, "कशानं खणलंत? फॉर्मात रकाना आहे."

तपासणी बघायला जमलेल्या मळेकऱ्यांचे चहाचे कप ओठांपाशी थांबले. विनिफ्रेडबाईंनी मान पुढे काढली, अर्नेस्टनं श्वास रोखला. एक चुकीचा शब्द, आणि तुकडा राहिला तरी शेजार जाणार. आणि खोटं बोलायचं तर क्लेमंटला शिकवलेलंच नव्हतं. त्यानं छपराकडे पाहिलं.

"सगळ्यांनीच," तो म्हणाला. "एक अवजार जरी कमी असतं, तरी झालं नसतं."

मिस पिकल्सनी शिक्का मारला. मेजरांनी मिशी फिरवली. पाद्रीबाबांनी डोळे मिटले.

"तुकडा तुमचा. आता लावणार काय यात?" मिस पिकल्सनी विचारलं.

क्लेमंटनं तोंड उघडायच्या आत सहा तोंडं उघडली होती.