डावी बाजू नवी

“आता?” साहेबांनी डोळे मिटूनच विचारलं.

खरखररावांनी खटका खाली केला. स्पीकरमधली निवेदिका तेच वाक्य पुन्हा बोलली.

“ही चांगली! आवाज कसा पुढे येऊन बसलाय.”

खरखररावांना उडी मारावीशी वाटली, पण गुडघ्यांची परवानगी नव्हती.

खरखरराव हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. रेडिओ केंद्राच्या वर्कशॉपमध्ये पस्तीस वर्षं काढली, आणि कुठलंही यंत्र समोर आलं की कान टवकारून आधी म्हणायचे, “खरखर आहे.” ते निवृत्त झाले, नाव काही झालं नाही.

केंद्रातले अकरा डिजिटल इक्वलायझर त्यांनीच बसवलेले. आवाजाचा जाडेपणा, बारीकपणा हवा तसा कमी-जास्त करणारी ही यंत्रं आता भंगारात निघणार होती. खरखरराव केंद्राच्या साहेबांच्या मागेच लागले. “आतलं गणित ठणठणीत आहे हो. गणित संपून आवाज तारेत उतरतो ना, तिथले भाग थकलेत. तेवढे बदलू द्या.” शेवटी साहेबांनी एक यंत्र त्यांच्या हवाली केलं. आपण स्वतः घरी येऊन ऐकणार, फरक कळला तर अकराही वाचवू, नाहीतर भंगारवाला महिनाअखेरीस येतोच आहे, असं ठरलं.

खरखरराव दोन आठवडे त्या यंत्रात डोकं घालून बसले. काम केलं ते फक्त डाव्या चॅनेलचं. ही त्यांची जुनी रीत. एक बाजू नवी करायची, दुसरी कंपनीने दिली तशीच ठेवायची, म्हणजे दोघींना समोरासमोर उभं करता येतं. डावीकडच्या, आवाजाला जोर देणाऱ्या ऑप-अँपच्या चिपा बदलल्या, सुकत आलेले कपॅसिटर काढून चांगले बसवले, रेझिस्टरही नवे लावले. मीटरवर डिस्टॉर्शन, म्हणजे आवाजातली भेसळ, दहाव्या हिश्श्यावर आलं. आणि आज साहेबांनी सलग चार वेळा डावीच बाजू उचलली होती.

“पाठवतो बाकीची,” साहेब उठत म्हणाले.

खरखररावांची नजर मात्र मीटरच्या काट्यावर खिळली. त्यांनी खटका वर केला, खाली केला. डावीवर काटा केसभर जास्त चढत होता. नव्या रेझिस्टरने घात केला होता. डावी बाजू अर्धा डेसिबल मोठी वाजत होती, आणि जरासा मोठा आवाज कोणालाही चांगलाच वाटतो. वर्कशॉपमध्ये येणाऱ्या प्रत्येकाला पहिल्याच दिवशी हे बजावणारा माणूस स्वतः त्यात फसला होता. गप्प बसलं तर अकरा यंत्रं वाचत होती. मोह तर फार झाला.

“साहेब, बसा जरा. हे काही खरं नाही.”

“आता काय झालं?”

“डावी मोठी वाजतेय. तुम्ही मोठा आवाज निवडलात, स्वच्छ नव्हे. बरोबरीला आणतो, मग ऐका.”

“अहो, मी हो म्हणालोय ना! आपल्याच पायावर कशाला धोंडा मारून घेता?”

पण खरखररावांनी स्क्रू-ड्रायव्हर उचललाच होता. दोन्ही आवाज अगदी सारखे केले. साहेबांनी ऐकलं, पुन्हा ऐकलं. एकदा डावी म्हणाले, दोनदा उजवी म्हणाले आणि हात टेकले.

“मला तर सारख्याच वाटतात हो.”

खरखरराव मान खाली घालून बसले. गेली काही वर्षं त्यांनाही यातला फरक ऐकू येत नव्हता. सगळी भिस्त मीटरवर. हे त्यांनी कोणाला सांगितलं नव्हतं, बायकोलाही नाही.

बायको खिडकीशी पाठमोरी बसून मटार सोलत होती. “आत्ता शेवटी लावलीत ना, ती टोचते,” ती म्हणाली.

खटका उजवीवर होता.

“काय टोचतं, वहिनी?” साहेबांनी विचारलं.

“ती बाई ‘स’ म्हणाली की कानाला टाचणी लागते. आधीच्या वेळी नाही लागली. इतकी वर्षं हे घरी आणून वाजवतात, भिंतीपलीकडून मी हेच तर ऐकतेय. विचारलंय कोणी कधी?”

साहेब हसले, पण माणूस हाडाचा इंजिनिअर. त्यांनी खटका स्वतःच्या हाती घेतला. “दहा वेळा विचारतो. तोंड तिकडेच असू द्या. खरखरराव, तुम्ही बाहेर व्हा, तुमचा खोकलाही फितूर आहे.”

खरखरराव बाहेर व्हरांड्यात उभे राहिले. आतून बायकोचा आवाज येत होता. “टोचते. नाही. नाही. टोचते.” बरोबर की चूक, कळायला मार्ग नव्हता. ती मात्र एकदाही अडखळत नव्हती. यंत्रं गेली तर जाऊ देत, हिची फजिती होऊ नये, असं त्यांना कळकळून वाटलं.

दार उघडलं. “दहापैकी दहा!” साहेब म्हणाले. “बाकीची दहाही पाठवतो. पण मीटरच्या आकड्याखाली वहिनींची सही लागेल.”

साहेब गेल्यावर खरखररावांनी सोल्डरिंग आयर्न तापत ठेवलं. हुरूप आला होता. डावीतलाच आणखी एक कपॅसिटर बदलून बघावा, असं त्यांच्या मनात आलं. मग एकदम म्हणाले, “मला आताशा ते बारीक काही ऐकू येत नाही गं.”

“माहीत आहे.”

“कधीपासून?”

“तुमच्या आधीपासून. मी बोलते ते येतं ना ऐकू?”

“ते येतं.”

“मग डावीला आता हात लावू नका. छान झालीय ती.”

पस्तीस वर्षांत त्यांच्या कुठल्याच कामाला कोणी असं पुरे म्हटलं नव्हतं, आणि त्यांचं त्यांना तर ते कधीच जमलं नव्हतं. खरखररावांनी सोल्डरिंग आयर्न बंद केलं आणि ते निवेपर्यंत तिच्याबरोबर मटार सोलत बसले.