मिरच्यांची जागा

"तोडी टाकू का, आबा?"

शेजारच्या मळ्यातल्या हिलालने कौतिकला विचारलं आणि कुऱ्हाड खांद्यावरून उतरवली. दोन्ही शेतांच्या मधल्या बांधावरचं कडुनिंबाचं झाड त्याचंच. दुपारच्या बारा वाजता त्या निंबाची सावली कौतिकच्या सौर तबकडीवर पडली होती. चार लोखंडी पायांवर, दक्षिणेकडे तोंड करून बसवलेली ती काळी-निळी तबकडी पार झाकोळून गेली होती.

कौतिक त्या सावलीची कड पायाने मोजत होता. वैशाखात त्याने तबकडीची ही लोखंडी चौकट उभी केली तेव्हा सूर्य डोक्यावर होता, सावली निंबाच्या बुंध्यापाशीच पडायची. आता पौष लागला होता. सूर्य दक्षिणेला कलला, तशी सावली रोज थोडी थोडी पुढे सरकत आली. बॅटरी भरेना, आणि दिवे घटकाभर मिणमिणून विझू लागले. एकतीस वर्षं वरणगावच्या कारखान्यात फिटर म्हणून काढलेल्या माणसाच्या हातून अशी चूक व्हावी, हे त्याच्या जिवाला लागलं होतं.

त्याची बायको सुगंधाबाई चुलीपुढून उठून बाहेर आली.

"हिलाल, झाड तोडू नको. उन्हायामा बैल कोठे बांधशी?"

"पन काकू, आबानी एवढी मेहनत..."

"ती मी देखेल शे. तू घर जाय."

मेहनत तिने खरंच पाहिली होती. गावातले विजेचे खांब त्यांच्या मळ्यापर्यंत कधी आलेच नाहीत. निवृत्त झाल्यावर कौतिकने जळगावहून ही तबकडी आणली, तीच मुळी बायकोसाठी. घराचं जुनं धाब्याचं मातीचं छत लोखंडाचं ओझं पेलणार नाही, आणि तेजाबाची बॅटरी घरात नको, म्हणून वर तबकडी आणि आत बॅटरी ठेवायला अंगणात सहा फुटांची वेगळी खोली बांधायला घेतली. वीजच नाही म्हटल्यावर वेल्डिंग कुठलं? पाचोऱ्याहून बैलगाडीने आणलेल्या लोखंडी पट्ट्यांना त्याने हातड्रिलने एकेक भोक पाडलं आणि नट-बोल्टांनी चौकट जुळवली. तळहाताला फोड आले. सुगंधाबाई विटा द्यायला पुढे झाली, तर तो हातातल्या मापांच्या कागदावरून नजर न काढता म्हणाला होता, "तू बाजूले व्हय. मापं चुकतीन."

हिलाल गेला. कौतिक ओट्यावर बसून राहिला.

"आते काय करसू?" तो स्वतःशीच पुटपुटला.

"तठे न्या," सुगंधाबाई म्हणाली. तिने गोठ्यामागच्या मोकळ्या जागेकडे बोट दाखवलं. "दिवायीपासून होळीलोंग तठे दिनभर ऊन ऱ्हास. मी इतला वरीस तठेच मिरच्या सुकाडस."

कौतिक तिच्याकडे बघतच राहिला.

"मंग तवय का नही सांगं?"

"तुम्ही कागद लिसन बठेल व्हतात. कागद वाचनाराले मी काय सांगू?"

त्याला राग आला नाही. उलट काहीतरी सैल झाल्यासारखं वाटलं. तो एकतीस वर्षं शनिवारच्या पॅसेंजरने येत होता आणि रविवारी संध्याकाळी परत जात होता. या अंगणात कुठल्या महिन्यात कुठे ऊन असतं, हे त्याला कुठून ठाऊक असणार?

दुसऱ्या दिवशी सकाळपासून सूर्य कलेपर्यंत तो गोठ्यामागे बसून राहिला. ऊन कुठेच तुटलं नाही. मग त्याने नट फिरवायचे पाने घेतले. बोल्ट एकेक करून निघाले, चौकट सुटी झाली. खोलीच्या भिंती मातीत रचल्या होत्या, त्यामुळे विटाही आख्ख्या निघाल्या. सुगंधाबाई त्या डोक्यावरून वाहू लागली, आणि या वेळी तो तिला बाजूला हो म्हणाला नाही.

"हाऊ दोर धर," तो म्हणाला. "ताणीसन धर."

तिने धरला. एक डोळा मिटून दोराकडे पाहिलं आणि म्हणाली, "तुम्हनं टोक खाले गयं."

खरंच गेलं होतं. कौतिकने मुकाट्याने वर उचललं.

आठ दिवसांनी खोली पुन्हा उभी राहिली. वर चौकट, चौकटीवर तबकडी. बॅटरी पुरती भरायला आणखी तीन दिवस गेले. चौथ्या दिवशी दिवेलागणीला सुगंधाबाई भाकरी थापत होती. कौतिकने तिला हाक मारली.

"आठे ये. बटन तू दाब."

तिने पिठाचे हात पदराला पुसले आणि बटण दाबलं. दिव्याची नळी दोनदा लुकलुकली, मग घरभर पांढरा उजेड पसरला. तो टिकला. पहिली भाकरी झाली, दुसरी झाली, उजेड तसाच होता.

"तुन्ही बी थाली ले," कौतिक म्हणाला. "संगेच बसू."

ती लाजत समोर बसली. जेवता जेवता त्याचा हात थांबला. तिच्या कपाळावरचे केस पार पांढरे झाले होते. ते कधी पिकले, त्याला आठवेना. कुठल्यातरी सोमवार ते शनिवारच्या दिवसांत पिकले असणार.

"काय देखी राह्यनात?" सुगंधाबाईने विचारलं आणि पदर कपाळावर ओढला.

"ऱ्हाऊ दे ना," कौतिक म्हणाला. "देखू दे."