नाकाला फडकं लावायचं नाही

जिफांडा या किनाऱ्यावरच्या गावात दुपारी दोनच्या सुमाराला वारा समुद्राकडून वाहायला लागतो. त्या मंगळवारीही तो फिरला. जाबूच्या अंगणात आंब्याखाली घरची माणसं एकाच मोठ्या परातीभोवती बसली होती. मासळी घालून शिजवलेला बेनाचिनचा भात अजून वाफाळत होता. सिरानं, घरच्या नव्या सुनेनं, पहिला घास उचलला आणि तो हातातच राहिला. तिनं डोक्याच्या फडक्याचं टोक ओढून नाकाला लावलं.

"हात खाली!" सासू, जाबू, दबक्या आवाजात खेकसली. "कुंपणापलीकडून तेन्निंग बघतेय. काय म्हणेल ती?"

सिरानं हात खाली घेतला. डोळ्यांत पाणी आलं होतं, ते वासानं की बोलण्यानं, हे तिचं तिलाही कळलं नाही. नवरा फाकेबा खाली मान घालून जेवत राहिला. तो कारखान्याच्या फाटकावर पहारेकरी होता. त्याच्या अंगातल्या सदऱ्यालाही तोच वास येत होता.

किनाऱ्यावरचा मासळीच्या भुकटीचा कारखाना येऊन चार वर्षं झाली होती. होड्यांतून उतरलेली बोंगा मासळी तिथं उघड्या खड्ड्यांत दोन-दोन दिवस पडून राही, मग मोठ्या बाष्पकात उकडली जाई. सडकी अंडी, जळकं तेल आणि मेलेली मासळी यांचा एकत्र वास गावावर पसरे. वाळत घातलेल्या कपड्यांत तो शिरे, पाण्याच्या रांजणात शिरे. शाळेत पोरं बाकावर डोकं टेकून बसत.

पण गावात ‘वास’ हा शब्द कुणी उच्चारत नसे. कारखान्यानं मशिदीवर नवे पत्रे घातले होते, तीस घरांतल्या पोरांना कामं दिली होती, ईदला साखरेची पोती वाटली होती. शिवाय तालुक्याच्या बाजारात जिफांडाच्या बायकांना आधीच "आल्या वासाच्या" म्हणून चिडवत. सोयरिकी मोडायला लागल्या होत्या. मग गावानं आपली अब्रू आपणच झाकायची ठरवली: वास नाहीच. नाकाला फडकं लावणं म्हणजे घराचा अपमान. तो कायदा कुणी केला नव्हता, पण त्याचा पहिला जाच व्हायचा तो सुनांना. कारण नदीकाठच्या वरच्या गावांतून आलेल्या या मुलींची नाकं अजून जिवंत असत. गेल्या वर्षी एका घरानं पाहुण्यांसमोर नाक झाकल्याबद्दल नव्या सुनेला माहेरी पाठवलं होतं. ती परत आलीच नाही.

सिराला उलट्या सुरू झाल्या तेव्हा जाबूनं आनंदानं आळीभर सांगितलं. बायका नळावर तिला चिडवू लागल्या.

"काय गं, पाच महिन्यांतच? आमच्या फाकेबाला भलतीच घाई!"

घरी आल्यावर सिरा सासूजवळ बसली. "आई, तसलं काही नाहीये."

"मग काय आहे?"

"वास."

जाबूनं तिच्या तोंडावर हात ठेवला. "पुन्हा हा शब्द काढू नकोस. फाकेबाची भाकरी त्याच फाटकावर आहे."

जाबू ही साधी बाई नव्हती. तीस वर्षं ती मासळी धुरावर भाजून विकत होती. होडी लागली की बायका टोपल्या घेऊन आधी तिच्याकडे येत. ती एक मासा उचलून कल्ल्याशी नाक नेई आणि सांगे, "काल संध्याकाळचा. परत दे." तिचं नाक चुकलेलं कुणी पाहिलं नव्हतं.

शेजारच्या तेन्निंगकडे नातवाचं बारसं होतं. मासळीचं काम अर्थातच जाबूकडे आलं. पहाटे टोपली आली, तेव्हा सिरा लाकडं रचत होती. ती थबकली.

"आई, ही मासळी खराब झालीय."

जाबूनं एक बोंगा नाकाशी धरला. "ताजी आहे."

"नाही हो आई. वरची बरी आहे, खालची सडलीय. मला येतोय वास."

"तुला चोवीस तास वासच येतो! काल आलेली पोर मला मासळी शिकवणार?"

सिरा पुन्हा लाकडं रचू लागली. मासळी भट्टीवर चढली, तिला धूर लागला, मसाला लागला.

संध्याकाळपर्यंत बारशाची अकरा माणसं आजारी पडली होती. दहा जण बरे झाले. तेन्निंगची म्हातारी आई सारजो तिसऱ्या दिवशी गेली.

दफन करून माणसं परतली, तेव्हा जाबू स्वयंपाकाच्या झोपडीत एकटीच बसली होती. तिनं कापलेला कांदा नाकाशी धरला. मग साबणाची वडी. मग दिव्याच्या रॉकेलची बाटली उघडून तिनं दीर्घ श्वास घेतला. सिरा दारात उभी राहून बघत होती.

"पोरी," जाबू म्हणाली, "याला वास येतो का गं?"

"येतो, आई. दारापर्यंत येतोय."

जाबूनं बाटलीचं बूच लावलं.

"मला कुणी सांगितलं नाही," ती पुटपुटली, आणि लगेच स्वतःशीच मान हलवली. "तू सांगितलंस. मीच तोंड दाबलं तुझं."

त्याच आठवड्यात बातमी आली की कारखान्याचा परवाना नव्यानं द्यायचा आहे आणि पर्यावरण कार्यालयाची आवा सोन्को नावाची अधिकारी गावात सुनावणी घ्यायला येते आहे. गावचा कारभारी, अल्कालो दाबो, कागद घेऊन घरोघर फिरला. ‘गावात कसलाही वास नाही, तक्रार नाही.’ प्रत्येक घरच्या कर्त्यानं खाली अंगठा द्यायचा. नवऱ्याच्या मागं जाबूच घरची कर्ती होती.

"उद्या देते," ती म्हणाली.

अल्कालोनं सिराकडे पाहिलं. "फाकेबा, तुझी बायको नळावर फार बोलते म्हणतात. काही दिवस माहेरी पाठव. बरं पडेल तिला."

तो गेल्यावर फाकेबा आईसमोर बसला. "आई, अंगठा दे ना. एका अंगठ्यानं काय होतंय?"

"सारजो गेली."

"त्यात कारखान्याचा काय संबंध? मासळी तू भाजलीस!"

बोलून गेल्यावर त्यानं जीभ चावली. जाबू मात्र शांत होती. "हो. मीच भाजली. तेच सांगणार आहे."

सुनावणी शाळेच्या पटांगणात भरली. हवा स्वच्छ होती. चार वर्षांत अशी ती क्वचितच असे. कारखान्याचा व्यवस्थापक हसत उभा राहिला. "बाई, तुम्हीच हुंगून पाहा. आहे का वास?"

आवा सोन्कोनं मान वर करून श्वास घेतला. "आज नाही."

"मग प्रश्नच मिटला!" अल्कालोनं अंगठ्यांचा कागद पुढं केला. "सगळं गाव हेच म्हणतंय."

"एक अंगठा कमी आहे," मागून आवाज आला. जाबू उठली होती.

"जाबू, खाली बस," अल्कालो म्हणाला.

"बसते. आधी ऐका. मलासुद्धा वास येत नाही, बाई. खरंच येत नाही. कांद्याचा नाही, रॉकेलचा नाही, सडक्या मासळीचा नाही. चार वर्षं त्या वासात राहून माझं नाक मेलंय आणि मला ते कळलं नाही. कारण आमच्याकडे त्याबद्दल बोलायचंच नसतं. माझ्या हातची मासळी खाऊन सारजो गेली. तेन्निंग इथं बसलीय. तिच्यासमोर सांगते." "आमचे अंगठे घेऊन काय करता? पाच महिन्यांपूर्वी आलेल्या या पोरीला विचारा."

पटांगणात कुजबुज सुरू झाली. कुणीतरी ओरडलं, "सुनेला बोलायला लावतेस? लाज नाही?" सिरा उठली. तिचे शब्द स्पष्ट होते.

"वारा समुद्राकडून आला की दुपारी दोनपासून वास येतो. खड्डे उघडे असतात त्या दिवशी सडका, उकडतात त्या दिवशी जळका. मागच्या आठवड्यात सोमवारी इतका होता की शाळा दुपारीच सोडली. मास्तर इथंच आहेत."

मास्तरांनी नजर चुकवली. मग हळूच मान डोलावली.

आवा सोन्को लिहीत होती. "नियमात वासाला मर्यादा आहे," ती म्हणाली, "आणि ती तपासायला सवय न झालेली नाकंच लागतात. पण मी आले की हवा स्वच्छ असते. तीनदा आले, तीनदा स्वच्छ. असं का?"

फाटकाच्या गणवेशात फाकेबा व्यवस्थापकाच्या मागं उभा होता. त्यानं एकदा बायकोकडे पाहिलं, एकदा आईकडे. मग डोक्यावरची टोपी काढली.

"कारण आधी तुमच्या कार्यालयातून फोन येतो, बाई. तो मीच घेतो. तुम्ही येणार असं कळलं की तीन दिवस आधी बाष्पक विझवतात, खड्ड्यांवर चुना टाकतात. यावेळी शनिवारी विझवला. नोंद माझ्या वहीत आहे."

त्याची नोकरी तिथल्या तिथं गेली. व्यवस्थापकानं टोपी मागितली, त्यानं दिली.

परवाना त्या दिवशी मिळाला नाही. पुढं महिन्याभरानं अटी आल्या: खड्डे झाकायचे, धुरासाठी गाळणी बसवायची, वारा गावाकडे असताना उकडायचं नाही, आणि न सांगता तपासणी आली तरी लगेच फाटक उघडायचं. फोन कुणी केला, याची चौकशी कार्यालयातही सुरू झाली. तक्रारींची वही शाळेत राहणार होती आणि ती लिहायचं काम सिराकडे आलं. अर्धं गाव जाबूच्या घराशी बोलेनासं झालं. फाकेबा काकाच्या होडीवर जाऊ लागला. दोन अटी कारखान्यानं पाळल्या, दोन पाळल्या नाहीत.

वही सुरू झाली त्या सकाळी शाळेच्या ओसरीवर सिरा आणि जाबू दोघीच बसल्या होत्या. बराच वेळ कुणी आलं नाही. मग तेन्निंग आली. जाबू गडबडून उठली.

"उठू नकोस," तेन्निंग म्हणाली. "मी माफ केलंय असं समजू नकोस. अजून नाही केलं."

जाबूनं मान डोलावली.

तेन्निंग सिराकडे वळली. "पहिल्या पानावर माझ्या आईचं नाव लिही. सारजो. नीट लिही, पोरी, पुसट नको."

सिरानं पेन दाबून धरलं आणि लिहिलं.