कुडव्याच्या गोदामातला माल

पुढारी इंद्रकुमारभाऊंचा माणूस म्हटलं की गोरेगाव तालुक्यात मंगरूचं नाव निघायचं. पंधरा वर्षं त्यानं पक्षाचा झेंडा धरला, सतरंज्या उचलल्या, आणि कुडव्याच्या गोदामात भाऊंचे खोकेही उतरवले. खोके चीनचे. दिव्यांच्या झालरी, बॅटऱ्या, खेळणी, सगळं तिकडच्या कारखान्यातलं, आणि त्या कारखान्यात भाऊंची अर्धी भागीदारी. मंगरूला हे पक्कं ठाऊक होतं. पण भाऊ म्हणायचे, "धंदा वेगळा, देश वेगळा," आणि मंगरूची मान हलायची. मान हलवायला काय लागतं हो?

दिवाळी झाली, गावची मंडई, म्हणजे दिवाळीनंतरची जत्रा, भरली. पाळणे आले, दुकानं लागली, घरोघरी पाहुणे उतरले. मंगरूनं बायकोला, शामकलाला, दुकान लावून दिलं. माल कुठला? कुठला असणार! आपलाच साहेब म्हणून भाऊंच्या गोदामातून आणलेला. मंडईच्या उद्घाटनाला भाऊच येणार हे त्याला काय माहीत नव्हतं? होतं. पण भाऊ स्वतःच्याच मालावर उठतील, हे त्या भोळसटाच्या डोक्यात शिरलंच नाही.

नेमकी त्याच आठवड्यात चीनच्या सीमेवर चकमक झालेली. भाऊ माइकवर कडाडले, "शत्रूचा माल विकणारा देशाचा गद्दार!" टाळ्या पडल्या. पोरं धावली ती शामकलाच्याच दुकानावर. झालरी तोडल्या, खेळणी तुडवली, मैदानाच्या मधोमध ढीग लावला.

शामकला काय गप्प बसणारी बाई? सरळ स्टेजपुढे गेली. "काऊन नाटक करून राहिले भाऊ? तुमच्याच गोदामातला माल हाय हा! इचारा माह्या नवऱ्याले!"

भाऊ हसले. माइक त्यांनी मागे उभ्या असलेल्या मंगरूच्या हातात दिला.

"सांग मंगरू. कुठचा माल हाय?"

मंगरू एक शब्द खरा बोलला असता तर बायको सुटत होती. तिच्याकडे पाहायचीही त्याला हिंमत झाली नाही.

"मले नाही मालूम भाऊ. बाईनंच आणला कुठून तरी."

"मंग पेटव."

आणि पेटवला की बेशरमानं! लोक "गद्दार, गद्दार" ओरडले. कोणीतरी शामकलाच्या तोंडावर शेण फेकलं. ती रडली नाही. पदरानं तोंड पुसलं आणि मिळेल त्या एसटीनं माहेरी निघून गेली.

दुसऱ्या दिवशी मंगरू गोदामावर आला, तर भाऊंनी दारातच अडवून किल्ल्या मागितल्या.

"असं काऊन भाऊ? तुमच्यापायी मी बायको घालवली!"

"तेच तर," भाऊ शांतपणे म्हणाले. "जो घरच्या बाईचा झाला नाही, तो माहा काय होईल? उद्या कोणी दम दिला तर मलेही विकशील."

मंगरूनं किल्ल्या दिल्या. वरून हातही जोडले.