थुंकी लावलेले दगड

मी दक्षिण आफ्रिकेतल्या ड्रॅकेन्सबर्ग डोंगरांच्या खिंडीतली दगडांची रास बोलतेय. झुलू माणसं मला इसिविवाने म्हणतात. खाली गोऱ्यांचं गाव वसलं तेव्हा त्यांनी माझ्यावरूनच त्याचं नाव स्टीनहूप ठेवलं. त्यांच्या भाषेत अर्थ तोच, दगडांची रास. नाव घेतलं, पण मी कोण हे विचारायला कोणी वर चढून आलं नाही.

मला कोणी बांधलं नाही. गुरं घेऊन निघालेला कुणी एक इथे थांबला. पुढे धुकं, निसरडा उतार आणि पुराची नदी. त्यानं वाटेतला दगड उचलला, त्यावर थुंकला आणि कडेला टाकला. आपला थोडा जीव इथे ठेवला, म्हणजे उरलेला सुखरूप पोचेल! मागून येणाऱ्यांनीही तेच केलं आणि मी वाढत गेले. सासरी निघालेल्या मुली, वैदू, सोन्याच्या खाणीत निघालेले पुरुष, सगळ्यांची थुंकी माझ्या अंगावर आहे. तुम्ही नाक मुरडाल, पण मला तिचा अभिमान आहे.

अलेट्टा फ्रोनेमनबाईंनीही नाक मुरडलंच. गावातल्या जुन्या वास्तू जपणाऱ्या मंडळाच्या त्या प्रमुख. मनानं वाईट नव्हत्या, पण एकदा ठरवलं की ठरवलं. ही कुणा सरदाराची कबर, असं त्यांनी ठरवून टाकलं. लोकांना थुंकताना पाहून त्यांना रडूच आलं.

"मेलेल्या माणसावर थुंकतात! जनाची नाही, मनाची तरी?"

थोड्याच दिवसांत माझ्याभोवती उंच जाळीचं कुंपण आलं, फाटकाला कुलूप आलं आणि पाटी लागली : 'येथे एक वीर विसावला आहे.' तेव्हापासून मला एकही दगड मिळाला नाही. इतक्या मायेनं कुणी कुणाला उपाशी ठेवलं नसेल.

मग एका सकाळी मा-झुंगू आपल्या नवऱ्याला, भेकुमुझीला, खाणीच्या बसवर पोचवायला आली. कुंपण नवं होतं तेव्हा तिचा दीर इथूनच त्या खाणीत गेला होता. तो दरडीखाली सापडला.

"चल गं, बस येईल," भेकुमुझी म्हणाला.

"येऊ दे. तुमचा भाऊ असाच दगड न टाकता गेला, नोमुसाचे बाबा. परत काय आलं? नुसती ट्रंक."

फ्रोनेमनबाई पाटी पुसत होत्या. "आत जाता येणार नाही. कबर आहे ती."

"कुणाची, मॅडम?"

बाईंनी पाटीवरून पुन्हा फडकं फिरवलं. वीराचं नाव त्यांनाही सापडलं नव्हतं.

"इथे कुणी मेलेलं नाही, मॅडम. इथून जाणाऱ्यानं मरू नये, म्हणून हे सगळं आहे."

बाईंचा चेहरा उतरला. त्यांनी पर्स चाचपली. "किल्ली कचेरीत आहे... सोमवारी..."

खालच्या वळणावर बसचा हॉर्न वाजला. मा-झुंगूनं एक दगड उचलून नवऱ्यापुढे धरला. तो थुंकला, दगड कुंपणाबाहेर जमिनीवर ठेवला आणि पळत सुटला. बस गेली. मा-झुंगू खालीच बसली.

"एका दगडाची कुठे रास होते?" ती म्हणाली आणि पदराआड रडावं तशी शालीत तोंड खुपसून रडू लागली.

फ्रोनेमनबाई पाटीजवळून पुढे आल्या. मग त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि वाकून, हातमोजा न काढताच, एक दगड उचलला. त्यांना मेलं धड थुंकताही येईना, निम्मं हनुवटीवर सांडलं. पण तो दगड त्यांनी भेकुमुझीच्या दगडाला टेकवून ठेवला.

"आता?" त्यांनी विचारलं.

"आता झाली," मा-झुंगू म्हणाली.

वर्ष सरता भेकुमुझी खाणीतून परत आला. खोकत आला, पण स्वतःच्या पायांनी आला.

कुलूप अजून आहे, पाटीही आहे. माणसं आतल्या दगडांसमोर उभी राहून फोटो काढतात, काढू देत. पण तुम्हाला पुढे लांब जायचं असेल, तर तुमचा दगड बाहेर टाका. मी आता तिथे राहते.